दोरीच्या जागी तीन खडे

१

खण उघडला तेव्हा आत दोरी नव्हती. पसाभर राख होती आणि राखेवर एका ओळीत तीन पांढरे खडे.

मला तिथे बोलावलं तेव्हा सोमवारची दुपार झाली होती, आणि तोवर आदिवासी अभ्यास विभागातल्या प्रत्येकाने त्या खणात डोकावून घेतलं होतं. संग्रहपालांनी तर कपाटावर 'हात लावू नये' अशी पाटीही चिकटवली होती. दोरी होती तेव्हा ही पाटी कुठे होती, असं माझ्या अगदी ओठावर आलं. पण पहिल्याच मिनिटाला माणसं दुखावली की पुढे कुणी बोलत नाही, एवढं शहाणपण चौकश्या करून करून मला आलं आहे.

मी संख्याशास्त्र शिकवते. विद्यापीठात काही हरवलं, फुटलं, कुणी कुणाला वाकडं बोललं, की कुलसचिव एकसदस्य समिती नेमतात आणि तो सदस्य मी असते. मला दुसऱ्या विभागांतलं काही कळत नाही, म्हणून मी निःपक्षपाती, असं ते म्हणतात. खरं कारण असं की बाकीचे लोक 'नाही' म्हणतात आणि मला ते वेळेवर सुचत नाही.

ही दोरी साधी नव्हती. डोंगरापलीकडच्या लोकांची ती गाठींची दोरी. झाडाच्या सालीची, अंगठ्याएवढी जाड. ती सांभाळण्याचं काम एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे जातं आणि प्रत्येक सांभाळणारी आपली एक गाठ तिच्यात मारते. ही दोरी वाचत नाहीत, ती 'म्हणतात': बोटं एकेका गाठीवरून पुढे जातात आणि त्या त्या बाईचं नाव घेतात. विभागप्रमुखांनी तरुणपणी ती 'थोड्या दिवसांसाठी, अभ्यासाला' म्हणून आणली होती. थोडे दिवस लांबत गेले, त्यांचे केस पिकले, आणि आता कुठे या शुक्रवारी ती परत द्यायचं ठरलं होतं.

"सभागृह सांगितलंय, फोटोवाला सांगितलाय," कुलसचिव फोनवर म्हणाले. "गुरुवारपर्यंत अहवाल द्या. तसं उघडच आहे म्हणा."

"काय उघड आहे?"

"अहो, ती त्यांच्यातली मुलगी, पीएचडी करते ती. राख काय, खडे काय, त्यांच्यातलंच काहीतरी दिसतंय. तिची नोंदणी रद्द करायची, परतीचा कार्यक्रम रद्द करायचा, विषय संपला."

"जी वस्तू शुक्रवारी हातात मिळणार, ती आधी चोरायची कशाला?"

"तिला समारंभ नको होता. आमची वस्तू आम्हाला देताना टाळ्या कसल्या वाजवता, असं भर सभेत म्हणाली होती. तुम्ही फक्त सही करा, बाई."

मी सही करत नाही म्हटल्यावर पलीकडून मोठा सुस्कारा आला. त्या मुलीचं सगळं शिक्षण एका सहीवर लटकलं होतं आणि दोरी परत जाणंही. आणि या गृहस्थांना घाई होती सभागृहाची.

२

विभागप्रमुखांना सगळे थोरले सर म्हणतात. निवृत्तीला आलेले, अंगाने भरलेले, आणि त्यांच्याहून जाड त्यांचा ग्रंथ. त्या ग्रंथामुळे विभाग उभा राहिला, हे ते भेटल्यावर लगेच सांगतात.

"हे साफ चूक आहे!" त्यांनी टेबलावर हात आपटला.

"चोरी ना? हो तर."

"चोरी कसली! खडे! खडे कुठून आले? दोरी जागेवरून हलवली तर त्या जागी मूठभर धान्य ठेवतात. माझ्या ग्रंथात स्वच्छ लिहिलंय. खुद्द दोरी सांभाळणाऱ्या बाईंनी मला सांगितलेलं आहे."

"मग ही राख?"

"आजकालच्या पोरांना आपल्याच रीती माहीत नाहीत. त्या मुलीला मी दहादा म्हटलं, माझा ग्रंथ नीट वाच. वाचला असता तर अशी चूक केली नसती."

दोरी गेल्याचं त्यांना दुःख होतं, पण चुकीच्या पद्धतीने गेल्याचं जास्त होतं. मी विचारलं, शनिवार-रविवारी कुठे होतात? घरी, म्हणाले, ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं तपासत होतो. जुन्या आवृत्तीच्या प्रतींची खोकी कोठीच्या खोलीत छतापर्यंत रचलेली मी येतानाच पाहिली होती. नवी कुठे ठेवणार, हे विचारायचा मोह मी आवरला.

संग्रहपाल खाली तळघरात बसतात. हातात कायम पांढरे मोजे. चहाही मोजे घालूनच पितात.

"खणाच्या किल्ल्या तीन," ते म्हणाले. "सरांकडे एक, त्या मुलीच्या मार्गदर्शक मॅडमकडे एक, माझ्याकडे एक. शनिवारी त्या मुलीने फोटो काढायला माझी घेतली होती, संध्याकाळी परत केली."

"तेव्हा खण तपासलात?"

"नाही हो. विश्वास ठेवला. आता भोगतोय."

"ही राख आणि खडे, तुम्हाला काय वाटतं?"

ते जरा घुटमळले. "मला कोण विचारतं म्हणा. पण गेल्या वर्षी मी तिकडे गेलो होतो, परतीची बोलणी करायला. सहज विचारलं म्हातारीला. ती म्हणाली, दोरीच्या जागी पाण्याची वाटी ठेवायची. कार्डावर नोंद केली मी."

"सरांना सांगितलंत?"

"सरांना ग्रंथाबाहेरचं सांगून बघा तुम्ही एकदा."

त्यांनी मला ते कार्ड दाखवलं. दोरीची लांबी, जाडी, रंग, सगळं सुवाच्य अक्षरात. फक्त 'वय' या शब्दापुढे मोकळी जागा.

"सर शंभरेक वर्षं म्हणतात, पण तो अंदाज. तपासायचं तर प्रयोगशाळेत तुकडा कापून द्यावा लागतो आणि कापायचं नाही ही त्या लोकांची अट. म्हणून रिकामं," ते खंतावून म्हणाले. रिकामी जागा त्यांना सहन होत नसावी. "तिकडे परत गेली की उंदीर खातील, हे मात्र मी लेखी कळवलं होतं."

धान्य, पाणी आणि राख. माझं डोकं दुखायला लागलं. हे लोक आयुष्यभर एकाच विषयाचा अभ्यास करतात आणि एका साध्या प्रश्नाचं एक उत्तर देऊ शकत नाहीत. आमच्याकडे निदान सरासरी तरी काढता येते.

मी जिन्याशी पोचले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "बाई, एक राहिलं. शनिवारी ती मुलगी किल्ली द्यायला आली ना, तेव्हा रडत होती."

३

त्या मुलीकडे जायच्या आधी मी तिच्या मार्गदर्शक बाईंकडे गेले. उंच, नीटनेटक्या, आणि 'आपुलकी' हा शब्द दर वाक्यात आणणाऱ्या. विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव आपुलकीबाई ठेवलं आहे आणि मला दुसरं सुचेना.

"मला किती यातना होतायत म्हणून सांगू," त्यांनी डोळे टिपले. "ती मला मुलीसारखी. त्या लोकांशी माझं नातं आपुलकीचं आहे, सरांसारखं नुसतं ग्रंथाचं नाही. पण खोटं कसं बोलू? राखेवर तीन खडे, हीच खरी रीत आहे."

"सर धान्य म्हणतात."

त्या मायेने हसल्या. "सर चार दिवस राहिले आणि ग्रंथ लिहिला. मी तिथे दोन हिवाळे काढलेत. निघताना तिच्या आत्यांनी, दोरीचा मान आता त्यांच्याकडेच आहे, मला जवळ बसवलं, माझा हात हातात घेतला आणि सांगितलं. राख, त्यावर तीन खडे."

"हे अजून कुणाला ठाऊक आहे?"

"बाहेरच्या कुणालाच नाही! माझ्या येणाऱ्या पुस्तकाचा तो गाभा आहे, मी घरीसुद्धा बोललेली नाही. म्हणून तर म्हणते, आतल्या माणसाशिवाय हे कुणी करूच शकत नाही." त्यांनी माझा हात धरला. "तिच्यावर फार कडक होऊ नका. चारशे दहा वर्षांचा वारसा आहे तो, तीस-चाळीस वर्षं इकडेतिकडे. त्याचं ओझं कोवळ्या मनाला पेलत नाही."

त्या शेवटच्या बोलण्यात काहीतरी माझ्या ओळखीचं होतं. काय ते मात्र हाती लागेना, आणि हात सोडवून घेण्यात ते निसटलं.

मुलगी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसली होती. विभागात तिला सगळे घुमी म्हणतात. का, ते मला पाच मिनिटांत कळलं.

"दोरी तू घेतलीस?"

"नाही."

"शनिवारी रडत का होतीस?"

तिने समोरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "पहिल्यांदा हात लावला. आजीच्या गाठीपासून मागे म्हणत गेले. अर्ध्यावर थांबले. पुढचं म्हणायचा मान आत्याचा."

"बरं. खणात राख आणि खडे ठेवायची तुमच्यात रीत आहे का?"

गप्प.

"हे बघ, सगळे म्हणतायत की ही तुमची रीत आहे म्हणून चोर तू. नसेल तर नाही म्हण. एका शब्दाचं काम आहे. मी तो लिहून घेते, तू सुटलीस."

"नाही सांगणार."

"नाही म्हणजे रीत नाही?"

"नाही म्हणजे सांगणार नाही. हो म्हटलं तरी सांगितल्यासारखं होतं, नाही म्हटलं तरी सांगितल्यासारखंच होतं. एक नाही म्हटलं की पुढचा विचारतो, मग काय, धान्य? मग काय, पाणी? असं करत करत सगळं काढून घेतात."

"अगं, तुझी पीएचडी जाईल!"

"जाऊ दे."

ते 'जाऊ दे' म्हणताना तिचा आवाज फाटला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्या डोक्यात संताप, तिचा, माझा आणि या अख्ख्या विद्यापीठाचा. जिला वाचवायला निघाले तीच दार लावून बसली होती. मी उठून निघाले आणि पायऱ्यांवरच कुलसचिवांचा फोन आला. नोंदणी रद्द करण्याचा आदेश टंकून तयार होता.

४

संध्याकाळी मी उत्तरपत्रिका तपासायला बसले. राग आला की मी तेच करते. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हे बरं नसावं.

आमचे पेपर मी चार संचांत काढते. प्रश्न तेच, आकडे वेगळे. शेजारी बसलेल्या दोघांना कधीही एक संच मिळत नाही. तरी दर परीक्षेला कुणीतरी शहाणा निघतोच. त्या दिवशी 'अ' संचवाल्या एकाने 'क' संचाचं उत्तर लिहिलं होतं, दशांश चिन्हासकट.

"चुकलाय ना? दे शून्य आणि चल जेवायला," नवरा म्हणाला. त्याचं गणित सोपं असतं.

"शून्य देणारच आहे. पण हा कुणाच्या मागे बसला होता, ते यावरून कळतं. बरोबर उत्तर कुणाचंही येऊ शकतं. चूक मात्र ज्याची त्याची असते."

बोलले आणि माझं पेन तसंच वर राहिलं. धान्य, पाणी, राख. मी दोन दिवस चिडले होते की तिघांची उत्तरं जुळत नाहीत. ती जुळावीत अशी कुणाची इच्छाच नसेल तर? प्रश्न एक, संच तीन.

"जेवण गार होतंय," नवरा म्हणाला.

"होऊ दे. एका बाईने पेपर काढलाय आणि या सगळ्यांना वाटतंय की आपल्याला उत्तरसूची मिळाली."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग भाताकडे पाहिलं आणि एकटाच जेवायला बसला.

५

आत्या समारंभासाठी आधीच येऊन भाचीच्या वसतिगृहातल्या खोलीत उतरल्या होत्या. बुधवारी सकाळी मी गेले तेव्हा त्या खाली जमिनीवर बसल्या होत्या आणि पलंगाकडे रागाने पाहत होत्या.

"गादी आहे की पाव? रात्रभर आत बुडत होते," त्या म्हणाल्या. "तूच का ती चौकशीवाली? तुला काही सांगणार नाही."

"मला सांगूच नका. खरी रीत काय, ते मला ऐकायचंच नाही."

हे त्यांना नवीन होतं. घुमीनेही मान वर केली.

"एकच विचारते. थोरले सर, उंच मॅडम आणि मोजेवाले, तिघांनी तुम्हाला तोच प्रश्न विचारला होता. तिघांना तुम्ही एकच उत्तर दिलंत का?"

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या आणि खोकला येईपर्यंत हसल्या.

"सगळ्यांना एकच सांगायला मी काय छापील पुस्तक आहे? तो जाड्या पहिला आला तेव्हा मी पोरसवदा होते. माझी आई म्हणाली, पाहुण्याला रिकाम्या हाताने वाटेला लावू नये, पण घरातलं बियाणं देऊ नये. म्हणून प्रत्येकाला काहीतरी दिलं, त्याला आईने, पुढच्यांना मी. एकाला दिलेलं दुसऱ्याला नाही. पुढे कुणाच्या तोंडून काय ऐकू येतं, त्यावरून कळतं वाट कुठून फुटली ते."

"आणि भाचीला माहीत आहे, कुणाला काय दिलं ते?"

"तिला खरं माहीत आहे. खोट्याचं ओझं तिच्यावर कशाला?"

मी सावकाश म्हटलं, "खणात राख होती, आत्या. राखेवर तीन खडे."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. "ती?" एवढंच म्हणाल्या. मग, "तिला मी फार जीव लावून खोटं सांगितलं होतं. ती चुलीपाशी बसायची. चांगली होती."

घुमी उठून खिडकीकडे गेली. ज्या बाईने तिचा प्रबंध ओळीओळीने तपासला, तीच तिला बुडवायला निघाली होती. तिला राग आला असेल तर तो आम्हाला दिसला नाही, पाठ तेवढी दिसली.

मला कोण ते कळलं होतं, पण का ते कळत नव्हतं, आणि कारणाशिवाय कुलसचिव ऐकणार नव्हते. आपुलकीबाईंना दोरीचा काय उपयोग? विकणार थोड्याच होत्या? त्यांच्या पुस्तकाला तर समारंभाचा फायदाच होता.

"शुक्रवारी काय काय आहे कार्यक्रमात?" मी विचारलं.

"मला नाही ठाऊक ते टाळ्यांचं," आत्या म्हणाल्या. "मी आधी दोरी म्हणणार. सगळ्यांसमोर, माझ्या आईपासून थेट पहिलीपर्यंत. एकही गाठ न सोडता."

आणि मला ते ओळखीचं काय होतं ते आठवलं. चारशे दहा, तीस-चाळीस इकडेतिकडे. कुणी वारशाबद्दल बोलताना असं बोलत नाही. लोक म्हणतात, शेकडो वर्षं, पिढ्यान्पिढ्या. आकडा आणि त्याच्या मागे चुकीला ठेवलेली जागा, हे आमच्या घरचं बोलणं. तसा आकडा फक्त मोजल्यावर येतो.

मी चप्पल शोधायला लागले. ती माझ्या पायातच होती.

६

गुरुवारी समितीच्या खोलीत सगळे जमले. कुलसचिव आदेश घेऊनच आले होते. आत्या खुर्चीत बसल्या आणि खुर्चीचं फिरणं त्यांना आवडलेलं दिसलं.

"किल्ली चौघांच्या हाताला लागत होती," मी सुरुवात केली. "आता राख. ही मुलगी चोर असती आणि तिला रीत पाळायची असती तर तिने खरी पाळली असती. खणात ठेवलेली रीत खोटी आहे."

"तेच मी म्हणतोय!" थोरले सर उसळले. "धान्य हवं!"

"सर, धान्यही खोटं आहे. संग्रहपाल, तुमची पाण्याची वाटीसुद्धा."

थोरल्या सरांनी आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी खुर्ची अर्धी फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर ग्रंथाची पानं एकेक करून गळताना मला दिसली आणि इतकी चिडलेली असूनही मला त्यांची दया आली.

"तिघांना तीन वेगळी उत्तरं मिळाली," मी म्हटलं. "राखेवर तीन खडे हे उत्तर जगात एकाच व्यक्तीला मिळालं होतं. सरांना ते माहीत नव्हतं, ते अजून धान्यावरच आहेत. संग्रहपालांनी आपली वाटी आधीच कार्डावर चढवलेली. या मुलीला कुणाला काय सांगितलं ते ठाऊक नाही. आणि मॅडम, तुम्हीच मला म्हणालात की तुम्ही हे घरीसुद्धा बोलला नाहीत. आतल्या माणसाचं काम वाटावं म्हणून तुम्ही आतलं वाटणारं नेमकं ते वापरलंत. ते फक्त तुमचं होतं."

आपुलकीबाई पांढऱ्या पडल्या, पण आवाज शांत होता. "मी असं का करीन? माझी आपुलकी..."

"दोरीचं वय किती?"

त्यांनी संग्रहपालांकडे पाहिलं.

"कार्डावर ती जागा रिकामी आहे. सर शंभरेक म्हणतात. तुम्ही मला चारशे दहा सांगितलंत, आणि वर तीस-चाळीस इकडेतिकडे. असा आकडा प्रयोगशाळा देते, आणि प्रयोगशाळेला तुकडा द्यावा लागतो. कापायचा नाही अशी अट होती. उद्या आत्या सगळ्यांसमोर शेवटपर्यंत दोरी म्हणणार, म्हणजे कापलेलं उघडं पडणार. म्हणून दोरी आधी जायला हवी होती."

कुलसचिवांनी आदेशाचा कागद हळूच उलटा ठेवला.

"इथेच आहे ती," आपुलकीबाई म्हणाल्या. आता त्या खरंच रडत होत्या. "मी जपून ठेवलीय, आम्ल नसलेल्या कागदात. सरांच्या ग्रंथाच्या खोक्यांमागे. तिथे कुणी कधी..."

त्यांनी वाक्य सोडून दिलं. थोरल्या सरांनी डोळे मिटून घेतले. संग्रहपाल धावत गेले आणि दोरी घेऊन आले, मोजे घालून. आत्यांनी ती घेतली, उघड्या हातांनी, आणि एकही शब्द मोठ्याने न काढता बोटं चालवायला लागल्या. बोटं शेवटच्या टोकाशी आली, पुढे सरकली, आणि पुढे काहीच नव्हतं.

"पहिली गेली," त्या म्हणाल्या. "जिच्यापासून आम्ही सगळ्या, ती."

"एवढासा तुकडा होता, आत्या," आपुलकीबाई कळवळून म्हणाल्या. "सगळ्यात जुनं टोक तेच होतं. नाहीतर तिचं वय कधीच कळलं नसतं."

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही सांगितलं असतंत?"

"नाही. खोटं सांगितलं असतं. पण गाठ राहिली असती."

घुमीने येऊन त्यांच्या हाताखाली आपला हात धरला. चोर सापडला होता, दोरी सापडली होती, आणि मला आयुष्यात इतकं हरल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. प्रयोगशाळेत तुकडा जाळूनच वय काढतात. परत मागायला काही उरलेलं नव्हतं.

७

अहवाल मी लिहिला आणि कुलसचिवांनी तो सुधारून पाठवला. 'वस्तू सुस्थितीत परत' असं त्यात शेवटी होतं. मी 'सुस्थितीत' खोडून 'कापून' लिहिलं. त्यांनी फोन केला, शब्द जरा टोचतो म्हणाले. टोचायलाच हवा, मी म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर 'नाही' म्हटलं. तीनदा म्हणावं लागलं.

आपुलकीबाईंना लांबची रजा मिळाली, पगारी. घुमीची नोंदणी राहिली, पण तिला नवा मार्गदर्शक हवा आणि नियमाप्रमाणे विभागात पात्र माणूस एकच उरला: थोरले सर. हे वाचून मी टेबलावर डोकं टेकलं. घुमी मात्र म्हणाली, "चालेल. ते आता विचारायच्या आधी थांबतात."

सभागृहातला समारंभ झाला नाही. शुक्रवारी आत्या तळघरात आल्या, दोरी आपल्या शालीत गुंडाळली आणि संग्रहपालांपुढे हात पसरला. खणाच्या तिन्ही किल्ल्या हव्या होत्या.

"पण खण आमचा आहे," संग्रहपाल म्हणाले.

"दोरी आमची होती. तेव्हा कुणाला आठवलं नाही ते."

त्यांना दाराबाहेर उभं केलं. मला म्हणाल्या, तू राहा, पण भिंतीकडे तोंड कर. मी केलं. मागे खण उघडल्याचा आवाज आला, मग आत्यांचं हळू बोलणं, मग घुमीचं. ती इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझी मान फिरायला इतकी शिवशिवत होती की मी भिंतीवरच्या रंगाचे पोपडे मोजायला लागले. मग खण बंद झाला, कुलूप लागलं.

"बघितलंस?" आत्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि माझा गाल थोपटला. पोरीचा थोपटावा तसा.

त्या दोघी जिना चढून गेल्या. संग्रहपाल आत आले, कुलूपबंद खणापुढे उभे राहिले, त्यांनी कान लावून पाहिलं. मग माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणला.

"बाई, तुम्ही आत होतात. काय ठेवलं हो त्यांनी?"

दोन दिवसांपूर्वी मी खरं सांगितलं असतं, की मला माहीत नाही. मग ते पुन्हा विचारतील, मग थोरले सर विचारतील, मग कुणीतरी किल्ली बनवणारा बोलावेल.

"कुणाला सांगणार नाही ना?" मी म्हटलं.

"छे, छे!"

"दोन पिसं. एकावर एक, आडवी."

त्यांनी खिशातून पेन काढलं.